खुणा पुसून आलेली बाई

संपादकांनी फोनवर सांगितलं, ‘‘काहीतरी प्रेरणादायी लिहा. कॅन्सरच्या विभागात इतकी वर्षं काढलीत, लढवय्ये पेशंट पाहिले असतील.’’ मी हो म्हटलं आणि तेव्हापासून अस्वस्थ आहे. लढवय्ये पाहिले, नाही असं नाही. पण निवृत्त होऊन घरी बसल्यावर आठवतात ती माणसं वेगळीच. ‘बसल्यावर’ हेसुद्धा आपलं म्हणायचं म्हणून. मी बसत नाही. शनिवार पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये या खोलीतून त्या खोलीत फिरत असते. समोर कोणी तिरकं बसलं की त्याचे खांदे सरळ करायला हात शिवशिवतात. परवा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला ‘हनुवटी जरा वर’ म्हणणार होते.

मी रेडिएशन टेक्नॉलॉजिस्ट होते. हे सांगितलं की लोक विचारतात, ‘‘म्हणजे एक्स-रे काढता?’’ नाही. डॉक्टरांनी ठरवलेल्या जागी, ठरवलेल्या मापाने किरण देऊन कॅन्सरच्या पेशी जाळायच्या, हे आमचं काम. पेशंट त्याला ‘शेक’ म्हणतात, कोणी ‘लाईट’ म्हणतं. ‘‘लाईट घ्यायला आलोय’’ असं सांगत आमच्या दारात माणसं उभी राहतात. माझ्या जोडीला ड्युटीला नितीन असायचा. वयाने माझ्या मुलाएवढा, हुद्द्याने माझ्या खालचा. पेशंटच्या लेखी तो ‘डॉक्टर’ आणि मी ‘सिस्टर’. पहिली काही वर्षं मी दुरुस्त्या केल्या, मग दम संपला.

काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जाड भिंतींच्या खोलीत पेशंटला टेबलावर झोपवायचं, रोज अगदी त्याच स्थितीत. ती स्थिती चुकू नये म्हणून कातडीवर जांभळ्या शाईने खुणा केलेल्या असतात. त्या खुणांवर मशीनमधल्या उजेडाच्या रेघा जुळवायच्या, ‘हलू नका’ म्हणायचं आणि बाहेर येऊन दार लावायचं. आत पेशंट एकटा. आम्ही बाहेर पडद्यावर त्याला बघतो आणि माइकवरून बोलतो. दुखत नाही, काही दिसत नाही, थोड्या वेळात होतं. पण हे सोमवार ते शुक्रवार रोज, काही आठवडे चालतं. शेक संपेपर्यंत खुणा पुसायच्या नाहीत, तिथे साबण लावायचा नाही. आणि खाडा करायचा नाही. खाडा आपण करतो, गाठ करत नाही.

आमच्या डॉक्टर म्हणायच्या, एकाच टप्प्यावर आजार सापडला आणि उपचार सारखे झाले, तर बऱ्याच कॅन्सरमध्ये बायका पुरुषांपेक्षा जास्त तग धरतात. मी ऐकायचे आणि बाहेरच्या बाकांकडे बघायचे. एकाच टप्प्यावर आणि सारखे! बाकांवर रोज वेगळंच दिसायचं. पुरुष पेशंट असला की शेजारी बायको, मागे मुलगा, एखादा मेहुणा. बाई पेशंट असली की शेजारी पिशवी. फार तर बहीण, तीही घड्याळ बघणारी. पुरुष सांगायचे, ‘‘सकाळची पहिली वेळ द्या, मोकळं होता येतं.’’ बायका म्हणायच्या, ‘‘अकराच्या आधी नको हं, स्वयंपाक आटपून येते.’’

आमच्याच पेठेतले एक गृहस्थ यायचे. मशीन थोडं उशिरा सुरू झालं की म्हणायचे, ‘‘इथे वेळ पेशंटसाठी दिलेली असते, की भिंतीवर शोभेसाठी?’’ त्यांचा चष्मा, कवळी, थर्मास आणि स्वेटर सांभाळत बायको उभी. ती बाई सतत खोकायची. एकदा मी तिला विचारलं, ‘‘तुम्ही कुठे दाखवलंत का?’’ उत्तर त्यांनी दिलं, ‘‘तिला काही होत नाही.’’ बाईंनीही मान डोलावली. जसं काही हे प्रमाणपत्र त्यांनी आधीच वाचलं होतं.

उलट विश्रांतवाडीहून भालेराव बाई यायच्या, सरकारी कचेरीत चांगल्या हुद्द्यावरच्या. त्यांच्याबरोबर रोज एक गृहस्थ येत. बाई आत गेल्या की त्यांची पर्स मांडीवर घेऊन पेपर वाचत बसत. बाकावरच्या बायकांची कुजबुज चालायची. एकीने शेवटी विचारलंच, ‘‘भाऊ का हो तुमचे?’’ भालेराव बाई म्हणाल्या, ‘‘नाही, मिस्टर.’’ मग दुसरी हळहळून म्हणाली, ‘‘घरी दुसरं कुणी नाही वाटतं.’’

पण मला सांगायचंय ते कमलताईंबद्दल.

त्या पहिल्यांदा आल्या त्या पेशंट म्हणून नाही. पेशंट होते त्यांचे यजमान, दत्ताभाऊ. धायरीचे, तंबाखूने घसा गेलेला. घशाच्या पेशंटच्या चेहऱ्यावर जाळीचा साचा बसवून तो टेबलाला अडकवावा लागतो, मान हलू नये म्हणून. एरवी आडदांड असलेला हा माणूस साच्याला घाबरला. ‘‘हिला आत राहू द्या,’’ म्हणून अडून बसला. आत कुणालाच राहता येत नाही. मग मी कमलताईंना आमच्या खुर्चीशी आणलं, माइकपुढे उभं केलं. त्या पडद्यावरच्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘आवो, मी हाय हितंच. भ्याचं न्हाई.’’ दत्ताभाऊ गार झाले. पुढे रोज शेक सुरू झाला की माइकवर कमलताई. म्हशीला रेडकू झालं, शेजाऱ्यांनी गच्चीवर पत्रा घातला, सगळ्या बातम्या आत पोचायच्या.

नाकातल्या नळीतून पातळ जेवण घालायला त्या नर्सकडून चटकन शिकल्या. रोज घरून पेज आणायच्या, गाळलेली, कोमट. दत्ताभाऊंचे शेक संपायला आले तेव्हा एकदा त्या माझ्याजवळ आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘‘मॅडम, आमच्या नात्यातली एक बाई हाय. तिच्या छातीत गाठ हाय. दुखत न्हाई. तर काय करावं तिनं?’’

ही नात्यातली बाई आमच्या विभागात वरचेवर येते. ती कधीच दिसत नाही, तिची विचारपूस तेवढी येते. मी म्हटलं, ‘‘कमलताई, त्या बाईला आज, आत्ता डॉक्टरांकडे घेऊन चला. मी येते बरोबर.’’ त्या दोन पावलं मागे सरकल्या. ‘‘तिच्या घरी एक काम चालू हाय. त्येवढं उरकलं की येती म्हणली.’’ मी हात धरला, तर नळीची वेळ झाली म्हणून सोडवून घेऊन गेल्या. मी डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरही त्यांच्याशी बोलल्या. कमलताई सगळ्याला ‘हो, हो’ म्हणाल्या.

दत्ताभाऊंचे शेक संपले त्या दिवशी अर्धी भावकी आली. डॉक्टरांना शाल-नारळ, आम्हाला पेढे, ‘डॉक्टर’ नितीनला हार. दत्ताभाऊ बरे झाले. आवाज घोगरा राहिला, तिखट सुटलं, पण माणूस उभा राहिला. गावात त्यांचा सत्कारही झाला म्हणे.

त्यांचं घरचं काम उरकल्यावर कमलताई आल्या, बऱ्याच उशिरा. गाठ काखेपर्यंत पोचली होती. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले. गावात टायफॉइड सांगितलं. आणि मग त्या माझ्याकडे आल्या. एकट्याच, दोन बस बदलून. मी विचारलं, ‘‘भाऊ नाही आले?’’ तर म्हणाल्या, ‘‘त्यांना बस सोसत न्हाई. आन् मला कशाला कोण लागतंय?’’

त्यांच्या शेकाची जागा छातीपासून गळ्याच्या हाडापर्यंत होती. म्हणजे जांभळ्या रेघांचा वरचा भाग ब्लाउजच्या गळ्यातून दिसायचा. त्या पदर लपेटून घ्यायच्या. सगळं ठीक चाललं होतं आणि एका सोमवारी त्यांनी गाऊन बाजूला केला, तर एकही खूण नाही. कातडी लाल, दोन ठिकाणी सोललेली.

‘‘हे काय केलंत?’’

कमलताई छताकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘‘आधी खोबरेल चोळलं. मग साबण लावला. जाईना, मग वज्रीनं घासलं.’’

वज्री म्हणजे टाचा घासायची, काटेरी. शेकाने भाजलेल्या कातडीवर! मी त्यांच्यावर ओरडले. पेशंटवर ओरडू नये असं मीच नव्या लोकांना शिकवायचे. कातडी भरून येईपर्यंत आता शेक बंद, पुन्हा स्कॅन, पुन्हा आखणी. इतके आठवडे दोन बस बदलून जे कमावलं ते धोक्यात आलं. हे सगळं मी एका दमात सुनावलं.

त्या उठून बसल्या, गाऊन सारखा केला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘काल पल्लवीला बघायला आलते.’’

पल्लवी त्यांची मुलगी, आयटीत नोकरीला. स्थळ चांगलं होतं, मुलगा मुलीच्याच कंपनीतला.

‘‘मग त्यांना सांगायचं. भाऊंचा आजार काय त्यांच्यापासून लपवलात?’’

‘‘त्यो कशाला लपवायचा? त्यो तर आधीच सांगितला. पाव्हण्यांनी हात जोडले त्यांना, म्हणले, लई झुंजलात. त्यांचं तंबाखूनं झालं वो. माझं आईकडनं लेकीत उतरतं म्हणत्यात. माझं कळलं तर पोरीकडं कोण बघंल?’’

दर बाईचा आजार मुलीत उतरत नाही, हे मी सांगितलं. काही घरांत उतरतो, म्हणून तर मुलीने डोळस राहायचं, लपवायचं नाही, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘तुमचं खरं हाय. पर तुम्ही न्हाई पोरगी घेऊन बसलेल्या.’’ मला राग आला तो त्यांचा नाही. कुणाचा ते नीट सांगता येत नाही, म्हणून तो अजून जात नाही. एकाच घरात, एकाच छपराखाली दोघांना कॅन्सर. नवऱ्याचा झाला पराक्रम आणि बायकोचा झाला डाग.

कातडी भरत आली, तर नवीनच अडचण उभी राहिली. पाहुण्यांनी मुलगी पसंत केली, साखरपुडा ठरला. कमलताई म्हणाल्या, ‘‘खुणा साखरपुड्यानंतर काढा. तवर मी येत न्हाई.’’ डॉक्टर रागावल्या, नितीनने समजावलं, पण बाई ऐकेना. शाईची खूण म्हणजे पुन्हा वज्री, हे मला दिसत होतं. तेवढ्यात त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. कोपराखाली जुनं हिरवं गोंदण होतं, तुळशीवृंदावन आणि खाली नाव.

आमच्या कामातही गोंदायची एक पद्धत आहे. रेघांऐवजी सुईने शाईचे बारीक ठिपके टोचायचे. कायमचे राहतात, पण दिसतात तिळाएवढे. आमच्या विभागात तेव्हा रेघाच काढत असत, सोप्या पडतात म्हणून. मी डॉक्टरांच्या मागे लागले आणि परवानगी घेतली. कमलताईंना म्हटलं, ‘‘गोंदून घेता का? धुतलं तरी जात नाही आणि गळ्यावर तीळ आहे असंच कुणालाही वाटेल.’’

त्या पहिल्यांदा हसल्या. ‘‘आता ह्या वयात गोंदायचं? नाव कुणाचं काढायचं?’’

‘‘माझं काढा. निदान कोणी सिस्टर तरी म्हणणार नाही.’’

ठिपके झाले. साखरपुड्यात त्या ताठ मानेने मिरवल्या आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर हजर झाल्या. माझ्या कामातली एखादी गोष्ट मला मिरवायची असेल तर ती ही.

पण मला स्वस्थ बसवत नाही ना. मी दत्ताभाऊंना फोन केला आणि चांगलं खडसावलं. तुमच्या वेळी ती रोज आली, तिच्या वेळी तुम्ही एकदा तरी आलात का, म्हणून विचारलं. बिचारे दुसऱ्या दिवसापासून यायला लागले. पेशंटच्या बाकावर बसायची सवय, त्यामुळे सोबत आलेल्या माणसाने कुठे बसायचं तेच त्यांना कळेना. मी त्यांना आत बोलावलं, माइकपुढे उभं केलं आणि म्हटलं, ‘‘बोला.’’

‘‘काय बोलू?’’

‘‘त्या तुमच्याशी बोलायच्या तसं काहीतरी.’’

दत्ताभाऊंनी खूप विचार केला. पडद्यावर कमलताई हात डोक्यावर घेऊन निश्चल पडलेल्या. मग त्या घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, ‘‘अगं, भाताचा डबा कुठं ठिवलाय?’’

‘‘पिवळ्या पिशवीत,’’ कमलताई म्हणाल्या आणि मान वळवून दाराकडे बोट दाखवलं. जुळवलेल्या रेघा चुकल्या. नितीनने मशीन थांबवलं.

आठवडाभराने कमलताई माझ्याजवळ आल्या, अजिजीने. ‘‘मॅडम, ह्यांना येऊ नका म्हणून सांगा. तुमचं ऐकतील. ते येत्यात तर मला पहाटं उठून त्यांचा मऊ भात करावा लागतो, गाळून डबा भरावा लागतो, बसमधी त्यांना जागा धरावी लागती. एकटी आले तर निवांत येते वो.’’ मी कपाळावर हात मारला. पण सांगितलं दत्ताभाऊंना. त्यांनाही हायसं वाटलं असावं.

शेक संपले त्या दिवशी त्यांनी पेढे आणले. मी म्हटलं, ‘‘वा! शेक संपल्याचे ना?’’ त्या म्हणाल्या, ‘‘न्हाई वो, पल्लवीच्या लग्नाची तारीख निघाली त्याचे.’’ आता ठरलेल्या वेळी तपासणीला यायचं, चुकवायचं नाही, आजार परत आला तर लवकर सापडला पाहिजे, असं मी दहादा बजावलं. त्या सगळ्याला ‘हो, हो’ म्हणाल्या. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

माझ्या नोकरीचा शेवटचा महिना चालू होता. दत्ताभाऊंची तपासणी होती आणि त्यांना घेऊन पल्लवी आली. चुणचुणीत मुलगी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मी विचारलं, ‘‘आई कशी आहे? तपासणीला आलीच नाही.’’

‘‘आलीच नाही म्हणजे? मागच्या महिन्यात येऊन गेली ना. सगळं नॉर्मल आहे म्हणाली.’’

‘‘शेक संपल्यापासून ती इथे आलेली नाही.’’

पल्लवीचा चेहरा उतरला. म्हणाली, ‘‘ती खाली रिक्षात बसलीये. वर ये म्हटलं तर नको म्हणाली.’’

दत्ताभाऊंना बाकावर बसवून आम्ही दोघी खाली गेलो. रिक्षात कमलताई, मांडीवर पिवळी पिशवी. मला बघून त्या आतल्या कोपऱ्यात सरकल्या. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, ‘‘मुलाची मावशी आता हितंच पहिल्या मजल्यावर नोकरीला लागलीया. ह्यांच्यासाठी आले म्हणून सांगता येतं. पर मी त्या खोलीसमोर बसलेली दिसले तर? लगीन होऊ द्या मॅडम, लगेच येते. चार महिन्यांचा तर प्रश्न हाय.’’

‘‘चार महिने तुम्ही थांबाल. आजार थांबेल का?’’ माझा आवाज चढला होता. रिक्षावाला आरशातून बघत होता.

पल्लवीने पर्समधून फोन काढला आणि लावला. ‘‘रोहित, बिझी आहेस का? ऐक. माझ्या आईला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. तो टायफॉइड नव्हता. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालंय. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही, सांगायला हवं होतं. मलाही आता दरवर्षी चेक-अप करावं लागेल. तू ठरव.’’

कमलताईंनी फोन हिसकावायला हात पुढे केला. पल्लवीने तोच हात धरून ठेवला. थोडा वेळ तिने पलीकडचं ऐकलं, ‘‘ओके’’ म्हणाली आणि फोन बंद केला.

‘‘काय म्हणला?’’

‘‘आईशी बोलून फोन करतो म्हणाला.’’

‘‘काय केलंस गं हे! कार्यालय ठरलंय, भावकीत सांगून झालंय. मोडलं तर?’’

‘‘मोडू दे. तू आधी वर चल.’’

कमलताई रडल्या, पल्लवीला नको नको ते बोलल्या, माझ्याकडे बघून तर तोंडच फिरवलं. पण उतरल्या. पिवळी पिशवी पल्लवीने घेतली. पहिल्या मजल्यावर जिन्यात कमलताईंनी पदर तोंडावर ओढला. पल्लवीने तो खाली केला नाही, पण चालही वाढवली नाही.

त्या लग्नाचं काय झालं हे मला माहीत नाही. महिनाअखेरीस मी निवृत्त झाले. नंबर माझ्याकडे आहे. रोज फोन हातात घेते आणि ठेवून देते. मोडलं असेल तर ऐकायची हिंमत नाही. झालं असेल आणि बाई पुन्हा तपासणीला आली नसेल, तर तेही ऐकायचं नाही.

त्या दिवशीचं मात्र माहीत आहे. मी तपासणीच्या खोलीत बरोबर होते. डॉक्टरांनी नीट तपासलं, काख दाबून पाहिली, गळ्याशी बोटं फिरवली, लगेच सोनोग्राफी करून घेतली. मग हातमोजे काढत त्या म्हणाल्या, ‘‘कमलताई, कुठेही काही नाही. सगळं स्वच्छ आहे. छान.’’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कमलताई टेबलावर तशाच पडून होत्या. डॉक्टरांकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या दाराशी उभ्या असलेल्या मुलीच्या हातातल्या फोनकडे बघत होत्या.

‘‘पल्ले,’’ त्या म्हणाल्या, ‘‘त्याचा फोन आला का गं?’’

पल्लवीने फोन पर्समध्ये टाकला, जवळ आली आणि आईच्या ब्लाउजची बटणं लावायला लागली.